भरतीचा भोंगा

राजमहंमदच्या बँडात एकवीस माणसं व्हती. त्यातली अकरा वाजवायची आन् दहा नुसती दिसायची.

ह्या दहांना बँडात भरतीची माणसं म्हणायचे. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी आन् हातात वाद्य. गाल फुगवायचे, बोटं हालवायची, पण आत हवा सोडायची न्हाई. वरातीत कोण बघतंय? नवरीचा बाप माणसं मोजतो, सूर मोजीत न्हाई. एकवीस ठरली म्हणल्यावर एकवीस लाल कोट दिसले पायजेत, मग त्यातला एखादा पिपाणी धरून उभ्या उभ्या झोपला तरी चालतंय.

भरतीत सगळ्यात जुना बाजीराव. त्याच्याकडं बँडातला सगळ्यात मोठा भोंगा व्हता, अजगरावानी अंगाला येढा मारून डोक्याच्या वर परातीयेवढं तोंड काढणारा. येके काळी बाजीराव तो असा फुकायचा का जुन्नरच्या पेठेत दुकानाच्या फळ्या थरथरायच्या. मग येकदा ओतूरच्या रस्त्याला गडी मोटरसायकलवरून पडला, तो थेट तोंडावर. म्होरले दात गेले. कवळी बसवली, तर पयल्याच लग्नात पयल्याच फुंकीला कवळी भोंग्यात गेली. भोंगा उलटा करून चौघांनी हालवला तवा कुठं ती बाहेर पडली, ती बी नवऱ्याच्या मावशीच्या पायापाशी. त्या दिवसापास्नं बाजीराव भरतीत.

राजमहंमद आन् बाजीराव येका वर्गातले, म्हंजी दोघंबी येकाच दिवशी शाळेच्या भिंतीवरनं उडी मारून पळालेले, ते परत गेलेच न्हाईत. त्यामुळं बाजीरावला काढायचं नाव कुणी घेत नसे. घेतलं तर फक्त जोहराबी, राजमहंमदची बायको. कोटांना इस्त्री तिची, तुटलेली बटणं तिची, म्हणून बोलायचा हक्क बी तिचा.

“इफराचे अब्बा, नुसतं उभं राहनाऱ्याला बी कोट देता, तर मला बी द्या येक पिपानी. मी बी उभी राहते की.”

“तुला उभं केलं तर वरातीत नवरी कोन ते लोकांना कळायचं न्हाई.”

“असं गोड बोलून इस्त्री फुकट करून घ्यायची. हेच येक तुमाला नीट वाजवता येतं.”

पण ह्या सीझनला घरात हसण्यासारखं काय उरलं नव्हतं. डीजेनं निम्म्या सुपाऱ्या खाल्ल्या व्हत्या. भंगारवाला दोनदा येऊन बाजीरावच्या भोंग्यावर टिचकी मारून गेला व्हता, जसा खाटीक बोकडाच्या पाठीवर हात फिरवतो तसा. राहिली व्हती ती येकच मोठी सुपारी, डिंभ्याच्या धरणाकडल्या गावच्या जत्रेची. देवाचा छबिना, दोन दिवस वाजवायचं. ती मिळाली तर बँड पुढल्या साली बी उभा. न्हाई मिळाली तर भोंगा भंगारात आन् राजमहंमद पोरीच्या सासरी.

जत्रा कमिटीची अध्यक्ष वैजयंतीबाई. तिचा फोन आला तवा राजमहंमदनं फोन कानापास्नं वीतभर लांब धरला, तरी जोहराबीला सैपाकघरात ऐकू आलं.

“गेल्या साली डीजेनं शाळेच्या काचा फोडल्या! अवंदा बँडच आननार! पन ऐकून! फोनवरची खरखर मला पाठवू नका, त्यात कोंबडी वाजतीय का बँड तेच कळत न्हाई! चालत्या मिरवनुकीतलं चांगलं रेकॉर्डिंग आना! मंगळवारी कमिटी बसतीय!”

“आनतो बाई.”

“आन् येका बँडवाल्यानं आमाला निम्मी खोटी मानसं आनली व्हती! आमच्या दादाभाऊनं पिपानीच्या तोंडाला हात लावून बघितला, वाराच न्हाई! अवंदा खोटं निघालं तर कोटासकट धरनात घालीन!”

राजमहंमदनं फोन ठेवला आन् घोटभर पाणी प्याला.

“बरं झालं,” जोहराबी म्हणाली. “आता काढा त्या दहांना.”

“नऊ काढीन.”

“आन् दहावा?”

राजमहंमदनं टोपी घातली आन् बाजीरावला घेऊन नारायणगावला निघाला, मशीन बघायला.

जीपमध्ये टोमॅटोची कॅरेटं आन् माणसं सारखीच रचली व्हती. बाजीरावच्या मांडीवर येक कॅरेट आन् कॅरेटवर येक पोरगं. तशातबी तो म्हणाला, “राजूभाय, मशीन आसं घे का त्यात मी ऐकू येनार न्हाई.”

“तू तसाबी ऐकू येत न्हाईस.”

“तेच म्हनतोय मी. मी ऐकू येत न्हाई हे ऐकू यायला नगं.”

राजमहंमदला हे पटलं. नारायणगावात हायवेच्या कडंला ज्योत्स्नाचं दुकान. मोबाईल, स्पीकर, माईक, कीर्तनाचे कर्णे, समदं मिळायचं. ज्योत्स्ना तिशीतली, तोंडाची फटकळ, आन् मशीनमधलं तिला कळायचं बी.

“या चाचा. काय पायजेल?”

“चालत्या बँडाचं रेकॉर्डिंग करायचं मशीन. हातात मावनारं. चांगलं पायजे.” राजमहंमद थांबला. “पन लई चांगलं नगं.”

“म्हंजी?”

“म्हंजी... ऐकू यावं, पन मोजता येऊ नये.”

ज्योत्स्नानं येकदा त्याच्याकडं, येकदा बाजीरावकडं बघितलं, आन् पयला माल काचेवर ठेवला. बोराच्या बीयेवढा माईक. “हे मोबाईलला लावायचं. सस्तात मस्त. पन ढोल पडला की ह्याचा आवाज फाटतोय. भजनाला ठीक हाय, तुमच्या ढोलापुढं हे रडंल.”

“नगं. दुसरं?”

दुसरं म्हंजी येक पेटीच निघाली. तिच्या पोटाला भोकंच भोकं. ज्योत्स्नाचा चेहरा फुलला. “हे बघा, ह्याला म्हनत्यात मशीन! पाठीवरच्या पिशवीत बसतंय. ह्यात प्रत्येकाला येगळा माईक. क्लॅरनेटला येगळा, ढोलाला येगळा, ह्या काकांच्या भोंग्याला येगळा. घरी बसायचं आन् येकेकाचा आवाज सुटा करून ऐकायचा. कोन कुठं चुकला, कोन कुठं थांबला, समदं उघडं!”

बाजीरावच्या कपाळाला घाम आला.

“झाका ते,” राजमहंमद म्हणाला.

“अवो चाचा, ह्याच्यापुढं दुसरं—”

“पोरी, ते आधी झाक! हे मशीन हाय का पोलीस चौकी?”

ज्योत्स्ना हसली, पण पेटी झाकली. मग तिसरं काढलं. मुठीत मावेल आसं काळं मशीन, डोक्यावर दोन माईक, मुंगळ्याच्या मिशांवानी येकमेकीवर वाकडे. “ह्याला दोनच कान. मानसाला हायेत तेवढेच. समद्यांचा आवाज येकात मिसळून घेतंय. ढोलाच्या आधी आवाज कमी करून ठेवायचा म्हंजी फाटत न्हाई. सेलवर चालतंय. फक्त येक ध्यानात ठेवा, जवळचं ते मोठं ऐकतंय, लांबचं बारीक. ज्याचा आवाज पुढं यायला नगं, त्याच्यापास्नं लांब ठेवा.”

“आन् हे काय?” बाजीरावनं करड्या केसांची येक टोपी उचलली. “मांजराचं पिल्लू?”

“वाऱ्यासाठी, काका. उघड्यावर वारा माईकवर आदळला की नुसतं घोंघोंघों येतंय. ही टोपी घातली की वारा केसांत अडकतोय. धरनाकडं जानार असाल तर हिच्याबिगर जाऊ नका.”

हे दोन कानांचं राजमहंमदला आवडलं. मिसळून घेतंय म्हणल्यावर अकरात एकवीस खपून जातील, आसा त्याचा हिशोब. ज्योत्स्नानं ते चार दिवस वापरायला दिलं, पसंत पडलं तर घ्यायचं.

“माझ्या लग्नात तुमचाच बँड व्हता, चाचा. ह्या काकांचे गाल मला अजून आठवत्यात. आमची आत्या म्हनली व्हती, अगं त्यांना कुनीतरी पानी द्या, किती जीव तोडून वाजवत्यात!”

दोघं मित्र येकदम बाहेर हायवे बघायला लागले.

रविवारी घोडेगावात दुपारची वरात व्हती. मशीन कुठं ठेवायचं ह्यावरनं नारळ फुटायच्या आधीच भांडणं. आधी राजमहंमदनं ते स्वतःच्या छातीला बांधलं. वाजवून बघितलं तर त्यात निस्ता त्याचा दमा. मग काठीला बांधून वर धरलं, तर केसाळ टोपी बघून गावातलं येक काळं कुत्रं पिसाळल्यावानी काठीच्या मागं लागलं. काठी धरलेल्या सोपाननं, जो बाजीरावच्या शेजारचाच भरतीचा गडी, काठी टाकून दिली आन् नवरदेवाच्या घोडीच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. घोडी पायापाशी आलेल्या टोपीकडं बघून दात काढायला लागली.

तवा राजमहंमदच्या डोक्यात ते आलं.

“बाज्या, खाली वाक.”

बाजीराव वाकला. राजमहंमदनं मशीन फडक्यात गुंडाळून, टोपी वर काढून, भोंग्याच्या परातीयेवढ्या तोंडात नीट बसवलं. ढोलीत घुबड बसावं तसं ते बसलं. नाचणाऱ्यांच्या हाताच्या वर, कुत्र्याच्या उडीच्या वर, आन् वाऱ्याला बी आडोसा.

“आता बघ,” राजमहंमद म्हणाला. “जवळचं मोठं ऐकतंय म्हनली ना ती? ह्या भोंग्यातनं आवाजच येत न्हाई. मग मोठं ऐकायला जवळ काय न्हाईच. बाकी समदं सारखं येनार.”

“राजूभाय,” बाजीराव भोंग्याखालनं म्हणाला, “तू शाळा सोडलीस ते लई चुकलं. सायंटिस झाला असतास.”

वरात निघाली. राजमहंमद पुढं क्लॅरनेट घेऊन, बाजीराव पार मागं, ढोलांच्या शेजारी, डोक्यावर घुबड घेऊन.

सोमवारी ज्योत्स्नाच्या दुकानात राजमहंमदनं मशीनच्या तारेची बोंडं कानाला लावून ऐकलं. बाहेर ट्रक, आत क्लॅरनेट. आपला क्लॅरनेट येवढा गोड हाय हे त्याला पयल्यांदाच कळलं. खाली कुठंतरी भुम्म, भुम्म आसं येत व्हतं, ते त्यानं हायवेच्या खात्यात टाकलं. येक गाणं ऐकलं आन् बोंडं काढली.

“पुढचं ऐका की चाचा.”

“पुढं काय ऐकायचं? आपलंच तर हाय.”

मंगळवारी तिघं डिंभ्याकडं गेले. तिसरी जोहराबी. ती म्हणाली, धरणात घालतील तर कोट तेवढे काढून आणायला कुणीतरी पायजे. बस आलीच न्हाई, दुधाच्या टेम्पोतनं गेले.

कमिटी देवळापुढच्या कट्ट्यावर बसली व्हती. मधे वैजयंतीबाई, शेजारी पिपाणीला हात लावून बघणारा तो दादाभाऊ. राजमहंमदला वाटलं, कानाला बोंडं लावून येकेक जण ऐकंल. पण वैजयंतीबाई म्हणाली, “येकट्यानं काय ऐकायचं? जत्रा समद्यांची हाय!” आन् मशीनची तार सरळ देवळावरच्या कर्ण्याला लावली.

आख्ख्या गावात राजमहंमदचा क्लॅरनेट घुमला. म्हशी धुणाऱ्या बाया धरणाच्या काठावरनं वर बघायला लागल्या. मासेवाला जाळं तसंच धरून उभा. वैजयंतीबाईनं मान डोलावली. राजमहंमदनं मिशीवरनं हात फिरवला. गाणं संपलं.

आन् कर्ण्यातनं बाजीराव बोलला.

“सोप्या, टोमॅटोचं काय झालं?”

“त्याचं नाव नगं काढू,” कर्ण्यातला सोपान लांबनं म्हणाला.

“बरं. नवरा बघ. फेट्यात नवरा हाय का नवऱ्यावर फेटा वाळत घातलाय?”

गाव हसलं. राजमहंमद मशीनकडं धावला, पण बटणं सात आन् ऐन टायमाला समदी सारखीच दिसायला लागली. त्यानं येक दाबलं, तर आवाज अजून वाढला.

“आन् त्या धरनाकडच्या बाईचं काय ठरलं?” कर्ण्यातल्या सोपाननं इचारलं.

“मंगळवारी हाय. तिचा आवाज ऐकला का तू? राजूभायच्या फोनमधनं मी जुन्नरात ऐकला. धरनाचा दरवाजा उघडल्यावानी! नवरा तिचा दिवसभर रानात का असतो ते कळलं मला.”

आता कुणी हसलं न्हाई. जोहराबीनं पदर तोंडाला लावला, पण तो हसू दाबायला का रडू, ते सांगता येत नव्हतं. बाजीराव स्वतः कट्ट्यापास्नं लांब, निंबाच्या मागं जाऊन उभा राहिला. निंब बारीक व्हता आन् बाजीराव रुंद.

“आपल्याला काढतील रे,” कर्ण्यातला सोपान म्हणाला. “आपन कुठं वाजवतो?”

“तुला काढतील. मला काढलं तर मी भोंग्यात बसून ऱ्हाईन. आता ह्या वयात कुठं जाऊ? घरी गेलो तर हात मोकळे. हातांना वजनाची सवय झालीय.”

दादाभाऊ ताडकन उठला. “बाई, हा भरतीचा! तोंडानं कबूल केलं त्यानं! ह्याचा भोंगा खोटा!”

वैजयंतीबाईचा चेहरा तव्यासारखा झाला व्हता. पण आवाज तिनं कधी न्हवं तो बारीक केला. “राजमहंमद, तुमचा क्लॅरनेट मला पसंत हाय. खोट्यांना घरी ठेवा, वाजवनारी तेवढी आना. सुपारी आत्ता देते. पन हा भोंगेवाला गावाच्या शिवंत दिसायला नगं.”

झालं. बँड वाचला. राजमहंमदला फक्त ‘बरं’ म्हणायचं व्हतं. त्यानं जोहराबीकडं बघितलं. जिनं दहांना काढा म्हणून वर्षानुवर्षं डोकं खाल्लं, ती आता निंबाकडं बघत व्हती, आन् नवऱ्याकडं बघायला तयार नव्हती.

“न्हाई जमायचं,” राजमहंमद म्हणाला.

“का?”

“भोंगा उचलनार कोन? माझी कंबर गेलीय.” तो तार उपटायला वाकला. “राहू द्या बाई. ज्याला काढायचा त्याला मी काढीन, न्हाई तर ठेवीन. माझा भोंगा हाय.”

पण तार हाताला लागायच्या आधी दुसरं गाणं सुरू झालं. देवीचं, संथ चालीचं, ढोल बी हळूच. आन् आता हायवे नव्हता, ट्रक नव्हते. क्लॅरनेटच्या खालनं ते आलं.

भुम्म. भुम्म. भुभुम्म.

देवळाची घंटा जराशी किणकिणली. मासेवाल्यानं जाळं सोडलं. वैजयंतीबाईनं हात वर केला. “थांबा. हे कोन वाजवतंय?”

राजमहंमद बी तोंड उघडं टाकून ऐकत व्हता. हा सूर त्यानं जुन्नरच्या पेठेत ऐकला व्हता, दुकानाच्या फळ्या थरथरायच्या तवा. पण त्या भोंग्यात आता फुंकीच न्हाई. मग हे काय?

जोहराबीनं त्याच्या बरगडीत कोपर मारलं आन् निंबाकडं बोट केलं.

बाजीराव निंबाला डोकं टेकून, डोळे मिटून उभा व्हता. त्याचे ओठ हालत व्हते. कर्ण्यातनं भुम्म आलं का झाडामागनं बी भुम्म येत व्हतं, बारीक, बिनदाताचं. हातात भोंगा न्हाई, तरी बोटं बटणं दाबत व्हती.

“बाज्या!” राजमहंमद वरडला. “हे तू करतोस?”

बाजीरावनं डोळे उघडले. आख्खं गाव आपल्याकडं बघतंय म्हणल्यावर त्यानं टोपी काढली. “काय करतो?”

“भुम्म भुम्म!”

“ते व्हय.” तो लाजला. “भोंगा तोंडाला लागला का येतंय ते आपोआप. पन ते तर मी मनातल्या मनात म्हनतो.”

“मनातल्या मनात? देवळाची घंटा हालली, भाड्या!”

इतकी वर्षं बाजीराव तोंडानं गात व्हता. ढोलांच्या शेजारी चालायचा म्हणून कुणाला, त्याला स्वतःला बी, ऐकू गेलं नव्हतं. ऐकलं ते घुबडानं, कारण भोंग्यातनं वर चढलेला सूर नेमका त्याच्या कानाशी निघत व्हता.

वैजयंतीबाईनं ते गाणं पुन्यांदा लावायला लावलं. मग अजून येकदा. छातीवर हात ठेवून ऐकलं.

“डीजेवानी छातीत वाजतंय,” ती दादाभाऊला म्हणाली, “पन काच फुटत न्हाई.”

“अवो पन बाई, तो तुमाला काय म्हनला—”

“ऐकलं मी! बहिरी न्हाई!” धरणाचा दरवाजा पुन्हा पुरा उघडला. “राजमहंमद, तुमी किती का मानसं आना. हा मानूस आला पायजे! हा न्हाई तर सुपारी न्हाई! पन दोन गान्यांच्या मधे ह्याचं थोबाड बंद!”

“ते माझ्या हातात न्हाई, बाई.”

“मग ज्याच्या हातात असंल त्याला घेऊन या!”

दुसऱ्या दिवशी नारायणगावात ज्योत्स्नाच्या काचेवर दोन कानांचं मशीन परत आलं. टोपीला येके बाजूला कुत्र्याचे दात लागले व्हते, ते राजमहंमदनं अंगठ्याखाली झाकले.

“पसंत पडलं का चाचा?”

“हे बी घेतो. आन् ती पेटी काढ. पोलीस चौकी.”

“नको म्हनला व्हता ना? येकेकाचा आवाज सुटा ऐकू येतो म्हनून?”

“तोच पायजे. ह्याच्या भोंग्यात येक माईक टाकायचा, आन् त्याचा आवाज मिरवनुकीत पुढच्या कर्ण्यापर्यंत न्यायचा.”

बाजीराव खुर्चीवर बसला व्हता. कालपास्नं तो सारखा घसा खाकरत व्हता आन् कुणी चहा इचारला तर म्हणायचा, थंड नगं, गळ्याला बाधतंय. “माईक चांगला बघ पोरी,” तो म्हणाला. “माझा खालचा सूर नाजूक हाय.”

“ऐकला का नखरा?” राजमहंमद म्हणाला. मग काचेवर वाकून त्यानं येवढंच इचारलं, “ह्याला बंद करायचं बटन कुठं हाय?”

“हे काय, तारेवर. कुनाच्या बी हातात देता येतंय.”

राजमहंमदनं तार उचलली आन् दारात उभ्या असलेल्या जोहराबीच्या हातात दिली. तिनं येकदा बटण दाबून बघितलं. मग बाजीरावकडं बघत पुन्हा दाबलं, आन् आयुष्यात पयल्यांदा बँडात वाजवायला मिळाल्यावानी हसली.